सामूहिक सौद्याचा कायदेशीर हक्क आणि 'प्रातिनिधिक संघटने'चा प्रश्न : खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरणगावच्या पुढे बोदवड हे स्थानक लागते. कापूस, धान्य आणि बाजार समिती यांवर उभे असलेले हे तालुक्याचे गाव औद्योगिक केंद्र म्हणून कधीच ओळखले गेले नाही. मात्र त्याच्या शेजारी भुसावळचे रेल्वे केंद्र आहे, भुसावळ व वरणगाव येथे आयुधनिर्माणी आहेत आणि पश्चिमेकडे जळगाव, अमळनेर, चाळीसगाव व धुळे ही एके काळी गिरणीच्या भोंग्यावर जागी होणारी गावे आहेत. खानदेशात संघटित कामगारवर्ग होता आणि त्याचा इतिहासही आहे. तथापि महाराष्ट्राच्या कामगार चळवळीवरील लेखनात गिरणगावाच्या तुलनेत खानदेशाच्या वाट्याला फार थोडी पाने येतात. कायद्याच्या इतिहासात तर खानदेशाचा उल्लेख जवळजवळ नसतोच. ज्या कायद्यांनी मुंबईच्या गिरणी कामगाराचे भवितव्य ठरविले, त्याच कायद्यांनी अमळनेर-धुळ्याच्या कामगाराचेही ठरविले, ही साधी बाब त्यामुळे दुर्लक्षित राहते.

कामगारांना संघटना स्थापन करण्याचा हक्क असणे आणि त्या संघटनेने मालकाशी बोलणी करण्याचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला हक्क भारतीय कायद्याने सर्वांना दिला. दुसरा हक्क मुंबई प्रांतात एका वेळी एकाच संघटनेला दिला गेला, आणि ती संघटना कोणती हे कामगारांच्या मताने न ठरता सभासदनोंदीच्या वहीवरून ठरू लागले. ही रचना कशी घडली, तिच्यामागे कोणता विचार होता आणि खानदेशाच्या परिसरातून पाहता तिचे स्वरूप कसे दिसते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९२६ चा कायदा : संघटनेला कवच, सौद्याला नाही

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन फॅक्टरी कमिशनपुढे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन ठेवले. तेव्हा कामगारांची संघटना ही कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसलेली वस्तू होती. तिला बंदी नव्हती, पण संरक्षणही नव्हते. हे संरक्षण नसणे किती महागात पडू शकते याचा प्रत्यय पुढे मद्रासेत आला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनचे नेते बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल्सने उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांना करारभंगास प्रवृत्त केले, असा आरोप होता. न्यायालयाने १९२० मध्ये मनाई हुकूम दिला आणि अखेरीस वाडियांना युनियनपासून दूर व्हावे लागले. इंग्लंडमध्ये ज्या कृतीला कायद्याने संरक्षण मिळालेले होते, तीच कृती हिंदुस्थानात नुकसानभरपाईस पात्र ठरत होती.

या प्रसंगानंतर ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांच्या नोंदणी व संरक्षणासाठी कायदा करावा, असा ठराव मांडला. भारत सेवक समाजाचे हे मितभाषी कार्यकर्ते आज पाठ्यपुस्तकांतही क्वचितच भेटतात. परंतु देशातील कोणत्याही युनियनच्या नोंदणीपत्रामागे त्यांचे परिश्रम आहेत. १९२६ चा कामगार संघटना कायदा या प्रयत्नांतून झाला. किमान सात व्यक्तींना संघटना नोंदविता येऊ लागली. कलम १७ ने संघटनेच्या वैध उद्दिष्टांसाठी केलेल्या करारास फौजदारी कटाच्या आरोपापासून मुक्त केले, तर कलम १८ ने औद्योगिक विवादातील कृत्यांना दिवाणी दाव्यापासून संरक्षण दिले.

या कायद्यात एक मोठी उणीव होती, आणि ती अनवधानाने राहिलेली नव्हती. नोंदलेल्या संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे, असे कोणतेही बंधन त्याने घातले नाही. मालकाने संघटनेच्या पत्राला उत्तर दिले नाही, तर संघटनेच्या हाती संपाखेरीज काहीच उरत नव्हते. त्या संपावरही १९२९ च्या औद्योगिक कलह कायद्याने मर्यादा आणल्या. सार्वजनिक उपयोगाच्या सेवांत पूर्वसूचना सक्तीची झाली आणि आपल्या धंद्याबाहेरच्या कामगारांना पाठिंबा म्हणून सरकारवर दडपण आणणारे संप बेकायदा ठरविण्यात आले. १९२८ च्या मुंबईतील सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपानंतर आणि मीरत कटाच्या धरपकडीच्या सुमारास हा कायदा यावा, यात आश्चर्य नाही.

मान्यता सक्तीची करण्याचा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४३ मध्ये १९२६ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. प्रातिनिधिक स्वरूपाच्या युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, हा त्याचा गाभा होता. पुढे या प्रयत्नातून १९४७ चा दुरुस्ती कायदा संमतही झाला. परंतु तो अंमलात आणण्याची अधिसूचना कधीच निघाली नाही. कायदेमंडळाने संमत केलेला, पण एक दिवसही न जगलेला हा कायदा भारतीय कामगार कायद्याच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण होय. त्याची उपेक्षा झाल्यामुळे मान्यतेचा प्रश्न प्रांतांच्या हाती राहिला, आणि मुंबई प्रांताने त्याचे उत्तर आपल्या पद्धतीने आधीच देऊन ठेवले होते.

फैजपूर ते मुंबई : १९३६-१९३८

डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, म्हणजे जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खानदेशात या अधिवेशनाच्या आठवणी शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बांबूंचे मंडप आणि साने गुरुजींचे परिश्रम यांच्या रूपाने जपल्या गेल्या आहेत. परंतु त्याच वर्षीच्या काँग्रेसच्या निवडणूक जाहीरनाम्यात कामगारांना संघटना स्थापन करण्याचा आणि आपल्या हितासाठी संप करण्याचा हक्क राहील, असे आश्वासन होते, याची आठवण फारशी ठेवली जात नाही. १९३१ च्या कराची ठरावातही संघटनेचा हक्क मान्य केलेला होता. मात्र तेथे त्याच्या जोडीला विवाद लवादाने मिटविण्याची यंत्रणा असावी, असे म्हटले होते. संपाचा हक्क आणि लवादाची यंत्रणा या दोन कल्पना काँग्रेसच्या धोरणात शेजारी शेजारी नांदत होत्या. सत्ता येईपर्यंत त्यांच्यातील विरोध उघड झाला नाही.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. मजूर खात्याची सूत्रे संसदीय चिटणीस म्हणून गुलझारीलाल नंदा यांच्याकडे होती. नंदा हे अहमदाबादच्या मजूर महाजनचे अनेक वर्षांचे कार्यकर्ते होते. १९१८ च्या अहमदाबाद संपात गांधीजींनी लवादाचे तत्त्व पुढे आणले आणि १९२० मध्ये मजूर महाजनची स्थापना झाली. एका उद्योगात एक बळकट संघटना असावी, तिने मालकांच्या मंडळाशी बोलावे आणि न जुळल्यास प्रश्न लवादाकडे जावा, ही अहमदाबादची परंपरा होती. ती तेथे बऱ्याच अंशी यशस्वीही झाली होती. १९३८ चा मुंबई औद्योगिक विवाद कायदा समजून घ्यायचा तर ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. तो केवळ गिरणीमालकांच्या हितासाठी रचलेला कायदा होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एका शहरातील अनुभव संपूर्ण प्रांताला लागू पडेल, असा विश्वास त्यामागे होता. खरी चूक त्या विश्वासात होती. अहमदाबादेत संघटना आधी उभी राहिली आणि नंतर तिला मान्यता मिळाली. कायद्याने मान्यतेचा साचा आधी तयार केला आणि संघटनांनी त्यात बसावे, अशी अपेक्षा ठेवली.

या कायद्यानुसार वेतन वा कामाच्या अटींतील बदलासाठी आधी सूचना द्यावी लागे, नंतर समेटाची प्रक्रिया पार पाडावी लागे आणि ती संपण्यापूर्वी केलेला संप बेकायदा ठरून तुरुंगवासाची शिक्षा होऊ शके. संघटनांच्या नोंदणीसाठी जे निकष होते, ते अधिक बोलके आहेत. मालकाची मान्यता असलेल्या संघटनेला पाच टक्के सभासदांवर नोंदणी मिळे. मान्यता नसलेल्या संघटनेला त्यासाठी पंचवीस टक्के सभासद दाखवावे लागत. म्हणजे मालकाची संमती ही वीस टक्के कामगारांच्या बरोबरीची मानली गेली.

सप्टेंबर १९३८ मध्ये या विधेयकावर विधिमंडळात प्रदीर्घ चर्चा झाली. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते या नात्याने डॉ. आंबेडकर यांनी केलेले भाषण हे भारतीय कामगार कायद्यावरील मूलभूत विवेचनांपैकी एक आहे. संप हा फार तर करारभंग, म्हणजे दिवाणी स्वरूपाची बाब होय. त्याला गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबावयास लावणे आणि हे गुलामगिरीहून वेगळे नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. स्वातंत्र्याचा हक्क मान्य असेल तर संपाचा हक्क नाकारता येणार नाही, ही भूमिका त्यांनी मांडली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील युनियन यांनी मिळून या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. एरवी परस्परांवर कठोर टीका करणाऱ्या या दोन प्रवाहांनी एका व्यासपीठावर यावे, इतका हा प्रश्न महत्त्वाचा मानला गेला. विधेयक तरीही संमत झाले.

मनमाडचा प्रश्न : प्रतिनिधी कोणाचा ?

या विधेयकाच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. मुंबईहून खानदेशात उतरणारा लोहमार्ग मनमाडवरूनच येतो, आणि भुसावळ हे त्याच रेल्वेचे महत्त्वाचे केंद्र होते. परिषदेत डॉ. आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे विधान वारंवार उद्धृत केले जाते. मात्र त्याच भाषणातील तपशिलाकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. रेल्वेत अस्पृश्य कामगार बहुतांशी गँगमन म्हणूनच राहतो. त्याला हमालाची जागाही सहसा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर त्या हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि तेथे विटाळाचा प्रश्न उभा राहतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. गिरण्यांतही विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने तेथे शिवाशिवीचे कारण पुढे केले जाई, आणि चांगल्या मजुरीचे काम नेमके याच खात्यात होते.

प्रातिनिधिकतेच्या चर्चेत हा तपशील फार महत्त्वाचा ठरतो. संघटनेने सर्व कामगारांच्या वतीने बोलावयाचे तर ते 'सर्व' कोण ? विणकाम खात्याची दारे उघडा, ही मागणी स्पृश्य विणकरांच्या युनियनने स्वतःहून मांडण्याची शक्यता कमी होती. १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न आंबेडकरांनी आग्रहाने पुढे आणावा लागला, यातच सर्व काही आले. बोलण्याचा हक्क एकाच संघटनेच्या हाती देणारा कायदा त्यांना धोकादायक वाटला, त्याला हीही एक पार्श्वभूमी होती, असे मानण्यास जागा आहे. तेच आंबेडकर १९४३ मध्ये सक्तीच्या मान्यतेचे विधेयक मांडतात, यात वरवर विसंगती दिसते. परंतु मालकाने संघटनेशी बोलावे हे बंधन आणि इतर कामगारांनी बोलू नये हे बंधन, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिल्याचा त्यांनी पुरस्कार केला. विरोध दुसऱ्याला होता.

अमळनेर आणि १९४६ चा कायदा

खानदेशातील गिरण्यांचा आरंभ जळगावला १८७० च्या दशकात झाला. पुढे अमळनेरला श्रीमंत प्रताप शेट यांची गिरणी उभी राहिली. प्रताप शेट हे शिक्षण आणि तत्त्वज्ञानाचे उदार आश्रयदाते होते. अमळनेरचे प्रताप हायस्कूल आणि तत्त्वज्ञान मंदिर त्यांच्याच औदार्याची फळे आहेत. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, आणि तेच गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या लढ्यांत त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. प्रांतात काँग्रेसचेच मंत्रिमंडळ असताना कामगार-शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या काँग्रेस कार्यकर्त्याची अवस्था अवघड होती, आणि गुरुजींच्या त्या वर्षांतील अस्वस्थतेत या पेचाचा वाटा मोठा होता.

ज्या गावात गिरणी एकच, शाळेचा आश्रयदाता एकच आणि रोजगार देणारा मोठा मालकही एकच, तेथे सामूहिक सौद्याचा अर्थ मुंबईहून निराळा होतो. मुंबईत एका गिरणीतून काढलेला कामगार दुसऱ्या गिरणीच्या दारात बदली म्हणून उभा राहू शके. अमळनेरच्या कामगाराला ती सोय नव्हती. गिरणीच्या फाटकातून तो बाहेर पडला की शेतमजुरी किंवा गाव सोडणे एवढेच पर्याय उरत. त्यामुळे युनियनचा सभासद होणे, वर्गणीची पावती खिशात ठेवणे, हीच येथे धाडसाची कृती होती. सभासदनोंदीवरून संघटनेचे बळ मोजणारा कायदा या भीतीची नोंद घेत नाही.

महायुद्धाच्या काळात सरकारने भारत संरक्षण नियमांखाली सक्तीच्या लवादाचे अधिकार घेतले. युद्ध संपताच दबलेला असंतोष सर्वत्र उफाळून आला. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांचा उठाव आणि जुलैमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला. ऑगस्ट १९४६ मध्ये अमळनेर येथे गिरणी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. लाल बावट्याचे कार्यकर्ते श्रीपत पाटील यांच्यासह काही जणांनी त्यात प्राण गमावले. प्रांतात त्या वेळी पुन्हा खेर यांचेच मंत्रिमंडळ होते. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे, तर मजूर खाते नंदा यांच्याकडे होते. फैजपूरच्या अधिवेशनाला दहा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

याच मंत्रिमंडळाने १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणला आणि १९४७ मध्ये तो अंमलात आला. १९३८ च्या कायद्यातील 'मालकाची मान्यता' हा सर्वाधिक टीकेचा भाग त्यातून गेला, हे नमूद केले पाहिजे. परंतु 'प्रातिनिधिक युनियन' ही संकल्पना अधिक भक्कम झाली. एखाद्या स्थानिक क्षेत्रातील एखाद्या उद्योगात ठराविक प्रमाणात (पुढे हे प्रमाण पंचवीस टक्के झाले) सभासद असलेल्या एकाच युनियनला हा दर्जा मिळे. तिने केलेला करार त्या क्षेत्रातील सर्व कामगारांवर बंधनकारक असे. मालकाने कोणाशी बोलावे, समेट अधिकाऱ्यापुढे कोणी उभे राहावे आणि न्यायालयात कोणी बाजू मांडावी, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच झाले.

पंचवीस टक्के हा निकष पाहताना उरलेल्या पंच्याहत्तर टक्क्यांचा विचार सहसा केला जात नाही. ते दुसऱ्या युनियनचे सभासद असोत वा कोणत्याच नव्हे, त्यांचा आवाज कायद्याच्या दृष्टीने प्रातिनिधिक युनियनच्या आवाजात विलीन झालेला असे. सर्वोच्च न्यायालयाने गिरजाशंकर काशीराम विरुद्ध गुजरात स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी (१९६२) या प्रकरणात हे तत्त्व त्याच्या टोकापर्यंत नेले. प्रातिनिधिक युनियन कामकाजात हजर झाली की वैयक्तिक कामगाराला स्वतःची बाजू मांडण्याचा अधिकार उरत नाही, आणि युनियनची भूमिका प्रामाणिक आहे की नाही याची चौकशीही न्यायालय करणार नाही, असा निर्वाळा देण्यात आला. कामगारांनी स्वतः दाखल केलेला अर्ज त्यांच्याच नावाने बोलणारी संघटना हजर राहून निष्फळ करू शके. कायद्याची भाषा पाहता न्यायालयाचा अर्थ चुकीचा म्हणता येत नाही. दोष मूळ रचनेतच होता.

याच सुमारास दुसऱ्या एका निर्णयाने घटनात्मक आधाराचीही सीमा आखली. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने दिलेल्या संघटना स्थापन करण्याच्या हक्कात परिणामकारक सामूहिक सौद्याचा किंवा संपाचा हक्क अंतर्भूत नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या ८७ व ९८ क्रमांकाच्या करारांना भारताने मंजुरी दिलेली नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. सौद्याचा हक्क त्यामुळे साध्या कायद्यावर, म्हणजे कायदेमंडळाच्या मर्जीवर, अवलंबून राहिला.

वही की मतपेटी

प्रतिनिधी ठरवायचा कसा, वही तपासून की गुप्त मतदानाने, हा वाद स्वातंत्र्योत्तर काळात कधीच थांबला नाही. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने (१९६९) दोन्हींपैकी कोणती पद्धत वापरावी हे प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगावर सोपविले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा केला. तो १९७५ मध्ये अंमलात आला. मालकांच्या व संघटनांच्या अनुचित प्रथांची यादी करून त्यांविरुद्ध थेट औद्योगिक न्यायालयात दाद मागण्याची सोय त्याने केली. सभासद झाल्याबद्दल कामगारास काढून टाकणे, मालकाने आपल्या सोयीची युनियन उभी करणे, प्रामाणिकपणे बोलणी करण्यास नकार देणे, ही कृत्ये प्रथमच स्पष्ट शब्दांत अनुचित ठरली. अमळनेरसारख्या गावातील कामगाराला १९४६ मध्ये ज्या संरक्षणाची गरज होती, ते कागदावर यावयास पाव शतक लागले. मान्यतेसाठी मात्र तीस टक्के सभासदांची नोंद हाच निकष राहिला. शिवाय जेथे १९४६ चा कायदा लागू होता, त्या कापड, साखर अशा उद्योगांना मान्यतेचा हा भाग लागूच नव्हता.

या रचनेची कसोटी १९८२ मध्ये लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. वेतनवाढीइतकीच महत्त्वाची मागणी राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा प्रातिनिधिक दर्जा काढून घ्यावा आणि १९४६ चा कायदा रद्द करावा, ही होती. कायदा असा की, बोलणी करण्याचा अधिकार ज्या संघटनेला होता तिच्यामागे संपकरी नव्हते आणि संपकरी ज्यांच्यामागे होते त्यांच्याशी बोलण्याचा मार्ग कायद्यात नव्हता. संप मोडण्यास इतरही अनेक कारणे होती. यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीच्या किमती यांचा विचार टाळता येणार नाही. परंतु संप मिटविण्याचा दरवाजा कायद्यानेच बंद केलेला होता, हे कोणालाही नाकारता येणार नाही. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. खानदेशातील गिरण्यांची कहाणी यापेक्षा शांतपणे संपली. धुळे व चाळीसगावच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि कालांतराने त्यांचेही भोंगे थांबले.

रेल्वेचा अनुभव वेगळा आहे. रेल्वे कर्मचारी राज्याच्या या कायद्यांखाली कधीच आले नाहीत. तेथे मान्यता देणे न देणे हा प्रशासनाचा अधिकार होता. जुलै १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपावर अध्यादेशाने बंदी आली. ८ ते २७ मे १९७४ या काळातील रेल्वे संपात सुमारे सतरा लाख कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा प्रश्न होता, आणि तो भारत संरक्षण नियम व अंतर्गत सुरक्षा कायदा यांच्या बळावर मोडून काढण्यात आला. हजारो कर्मचारी तुरुंगात गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, कुटुंबांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. १९७७ मध्ये जनता सरकारने बडतर्फांना कामावर परत घेतले. या संपाच्या मुळाशीही मान्यतेचा प्रश्न होताच. इंजिनचालक व इतर विशिष्ट संवर्गांच्या संघटना मान्यताप्राप्त महासंघांबाहेर होत्या आणि आपले गाऱ्हाणे वरपर्यंत पोहोचत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

पुढे भारतीय अन्न महामंडळाच्या कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुप्त मतदानाने प्रातिनिधिकता ठरविण्याची कार्यपद्धती घालून दिली. २००७ मध्ये रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी प्रथमच गुप्त मतदान झाले. भुसावळ विभागातील गँगमनपासून चालकापर्यंत प्रत्येकाला आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी मतपत्रिका मिळाली. १९८२ मध्ये मुंबईच्या कामगाराने जे मागितले आणि ज्यासाठी त्याची नोकरी गेली, ते पंचवीस वर्षांनी रेल्वे कामगाराला एका प्रशासकीय प्रक्रियेतून, फारशी चर्चा न होता, मिळाले.

नवी संहिता आणि बोदवडची बाजारपेठ

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने १९२६ आणि १९४७ चे केंद्रीय कायदे रद्द केले. 'वाटाघाटी करणारी युनियन' ही संज्ञा केंद्रीय कायद्यात प्रथमच आली आणि मान्यता हा कायदेशीर हक्क झाला. १९४७ च्या न अंमलात आलेल्या दुरुस्तीनंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी हे घडले, या दृष्टीने ती महत्त्वाची पायरी होय. निकष मात्र एक्कावन्न टक्क्यांचा आहे. तेवढे पाठबळ कोणालाच नसल्यास किमान वीस टक्के सभासद असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची परिषद बोलणी करील. पंचवीस टक्क्यांवर सर्वांच्या वतीने बोलण्याच्या जुन्या मुंबई पद्धतीपेक्षा हे अधिक न्याय्य म्हणावे लागेल. दुसरीकडे, संपासाठी चौदा दिवसांची पूर्वसूचना आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली आहे आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा संप मानली जाते. १९३८ मध्ये ज्या क्रमाला विरोध झाला तो क्रम, काही तपशील बदलून, देशभर गेला आहे. राज्याच्या १९४६ व १९७१ च्या कायद्यांचा संहितेच्या निरसन कलमात उल्लेख नाही. समवर्ती सूचीतील विषय असल्याने त्यांचा परस्परसंबंध न्यायालयांपुढे येणे अपरिहार्य दिसते.

आयुधनिर्माणींच्या बाबतीत राज्यसंस्थेने अधिक सरळ मार्ग घेतला. २०२१ मध्ये निर्माणींचे सात कंपन्यांत रूपांतर करताना संपास मनाई करणारा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा करण्यात आला. त्याची मुदत एक वर्षाची होती. तेवढ्यात वरणगाव आणि भुसावळ येथील निर्माणी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या झाल्या. काही मैलांच्या अंतरावरील, एकाच खात्यात वाढलेले कामगार आता दोन वेगळ्या व्यवस्थापनांशी बोलणी करतात.

बोदवडच्या बाजार समितीच्या आवारात पोती उचलणारा हमाल या सर्व इतिहासात कोठे बसतो ? त्याला ठरलेला एक मालक नाही. सकाळी एका अडत्याच्या, दुपारी दुसऱ्याच्या मालाला तो हात लावतो. मालक निश्चित नसेल तर टक्केवारी कशाची काढायची हा प्रश्नच उद्भवतो, आणि म्हणून प्रातिनिधिक युनियनचा कायदा त्याच्यापर्यंत कधी पोहोचला नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. देशात अन्यत्र क्वचितच आढळणारी ही रचना होती. कामगाराची व मालकाची दोघांची नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळात भरली जाते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची तरतूद होते. बाजार समित्यांतील चढ-उतार, थप्पी लावणे, तोलणे ही कामे कायद्याच्या अनुसूचीत येतात. वेतनाचे दर ठरविण्याचे कामही मंडळाच्या कक्षेत आहे, म्हणजे सौद्याची जागा येथे मंडळाच्या बैठकीने घेतली आहे. त्या बैठकीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान संख्येने बसतात. त्यांची नेमणूक राज्य शासन करते.